पालथी घागर

ज्या तलावानं पोरगं नेलं त्याच तलावात मनकर्णा फाल्गुनातल्या एका सकाळी लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून उतरली, तेव्हा घाटावर कपडे आपटणाऱ्या बायांचे हात वरच्या वर थांबले.

"मायबाई," मीराबाई म्हणाली, "लेकराले जाऊन वरीस न्हाय झालं, अन् हे पाण्यात खेळून राह्यली."

मीराबाई म्हणजे भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. तिला हळू बोलता यायचं नाही, आणि त्या दिवशी बोलायचंही नव्हतं.

मनकर्णा कमरेइतक्या पाण्यात गेली होती. ती वळली. "खेळून न्हाय राह्यली, मीराबाई. शिकून राह्यली. या तुमीबी."

"मले काय करायचं शिकून? मी काय मासोळी हाये?"

"सुगतबी मासोळी न्हवता."

मग घाटावर नुसता कपड्यांचा आवाज राहिला.

ही सत्तर सालची गोष्ट. प्रताप नगराकडे तेव्हा घरं विरळ होती. त्यापलीकडे शेतं, शेतांच्या कडेला ही वस्ती आणि वस्तीच्या पाठीशी तलाव. तलावात रंभाबाई ढिवरीण शिंगाडे लावायची, म्हणून सगळे त्याला शिंगाड्याचा तलावच म्हणत. वस्तीत नळ नव्हता. प्यायचं पाणी विहिरीवरून, बाकी सगळं तलावावर. भांडी तलावावर, कपडे तलावावर, आणि बाया तलावावर म्हणून लेकरंही तलावावर.

सुगत सहा वर्षांचा होता. भाद्रपदात तलाव तुडुंब होता, घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ चढलं होतं. आईच्या मागं मागं तो आपला पितळी लोटा घेऊन उतरला. शेवटची पायरी संपते तिथून एकदम खोल आहे. पाय सरकला तो थेट तिथं. मनकर्णा हातातली थाळी टाकून धावली, गळ्यापर्यंत पाण्यात गेली, आणि बायांनी तिला मागून धरलं. कुणी केस धरले, कुणी पदर, कुणी दंड. कुणी लुगडं पिळून फेकलं, ते पोचलं नाही. दुसऱ्या काठावरून रंभाबाई आली तोवर उशीर झाला होता. वर काढल्यावर कुणी त्याला डोक्यावर घेऊन गरगर फिरवलं, पाणी निघालं, सुगत नाही आला.

पुढं कितीतरी दिवस मनकर्णाला आपल्या दंडावरचे ते हात जाणवत राहिले. आधी तिला त्या बायांचा राग आला. मग एके दिवशी भाकर थापता थापता तिच्या लक्षात आलं, की त्यांनी धरलं हे बरोबरच केलं. सोडलं असतं तर दोघं गेली असती. तिचा राग मग बायांवरून उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला. मला धरावं का लागलं? घाटभर बाया होत्या, एकीलाही पोहता येऊ नये?

वस्तीनं आपल्या परीनं उपाय केले. धोंडबा बुवांनी सांगितलं, लेकरांनी तलावावर खेळायला जायचं नाही. मनकर्णाच्या सासूनं, रुखमाबाईनं, सुगताच्या आठ वर्षांच्या बहिणीच्या, जयाच्या पायात घुंगरांचे वाळे घातले. रुखमाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतिया उतरला होता. माणूस तिला सावलीसारखं दिसायचं. पण कान असे की शेजारच्या घरात फोडणी पडली तरी मोहरी की जिरं ते सांगायची. जया अंगणात असली की छुम छुम, न्हाणीत असली की छुम छुम. आवाज दूर गेला की रुखमाबाई हाक मारायची.

आणखी एक उपाय तिनं गुपचूप केला. तलावाच्या काठी बाभळीखाली शेंदूर फासलेले दगड होते, रंभाबाईच्या आसरा, पाण्यातल्या देवी. एका सकाळी मनकर्णाला तिथं हिरव्या बांगड्या आणि दहीभाताचा द्रोण दिसला. द्रोण घरचाच होता.

"आत्याबाई, बाभळीखाली कोण गेलं होतं?"

"मले काय मालूम."

"छप्पन साली दीक्षाभूमीवर तुमी बावीस प्रतिज्ञा घेतल्या न? त्याच्यातली हे कितवी?"

रुखमाबाईनं तोंड फिरवलं. "एक नातू गेला माहा. आता एक नात हाये. कोणी वाचवत असन त मी हात जोडीन. तुह्यापाशी दुसरा उपाव हाये का? असन त सांग."

उत्तर शोधायला मनकर्णा रंभाबाईकडे गेली.

रंभाबाई तलावाच्या मधोमध होती. दोन मडकी पालथी घालायची, त्यांच्या मधे बांबू बांधायचा, त्यावर पोट टेकून पाण्यावर सरकायचं आणि हातानं वेल उचलून शिंगाडा तोडायचा, हे तिचं जन्माचं काम. आता हंगाम संपला होता, ती सडलेले वेल काढत होती.

"मले पोहणं शिकवा, रंभाबाई."

"या वयात?"

"ज्या वयात शिकायचं ते निंघून गेलं. आता हेच हाये माह्यापाशी."

"तुह्या वस्तीतल्या बाया काय म्हणतीन?"

"घाटावरून म्हणतीन. म्हणाले पाण्यात थोडीच येतात."

रंभाबाई हसली. "हे बाकी खरं हाये. पाण्यात डोकं घातलं का काहीच ऐकू येत न्हाय. मले त सासूच्या पायी पोहणं लागलं." ती काठाला आली, बाभळीकडे वळून तिनं हात जोडले. "जोड."

"मी न्हाय जोडत. आमी सोडलं ते."

"मंग नको जोडू. तुह्या वाटचे मीच जोडले. चाल आता, उन्ह चढून राहिलं."

असं ते शिक्षण सुरू झालं. पहिले काही दिवस रंभाबाईनं तिला हातपाय मारूच दिले नाहीत. "पहिले निजणं शीक. घरी खाटेवर निजते तशी निज."

"खाटेले पाय असतात."

"मी हाये न खाटेचा पाय." रंभाबाईनं तळवा तिच्या पाठीखाली धरला. मनकर्णा मान ताठ करायची, की कंबर खाली जायची, की नाकात पाणी. वर येऊन ती खोकायची. घाटावरून मीराबाई विचारायची, "शिकली का वं?" मनकर्णा खोकता खोकता म्हणायची, "शिकून राह्यली."

मग घागर आली. मातीची घागर पालथी पाण्यात दाबायची, तिच्या पोटातली हवा तिला तरंगवते, तिला छातीशी धरून पाय मारायचे. सोपं वाटतं. पण घागर जरा तिरपी झाली की गुडगुड करून हवा सोडते आणि दगडासारखी बुडते.

"घागर भेकड बाईसारखी असते," रंभाबाई म्हणाली. "तू घाबरली का ते घाबरते. लगेच पोटातलं सगळं सांगून टाकते. सरळ धर. जीव गेला तरी सरळ धर."

"पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच," मीराबाईनं घाटावरून सगळ्यांना हसवलं.

"हसा, हसा," रंभाबाई ओरडली. "तुमचा सुलटा घडा कमरेवर घेऊन पडा पाण्यात, मंग पाहू कोणाचा तरंगते."

तीन घागरी बुडाल्या, एक फुटली. चैत्र संपता संपता मनकर्णा घागरीशिवाय या काठाहून त्या काठाला जाऊन बसली. तिच्या अंगाला हिरवा वास येत होता. तिनं घाटाकडे पाहिलं. ज्या जागी सुगत गेला ती जागा इथून केवढीशी दिसत होती. दोन हात मारले असते तर झालं असतं. ती तिथंच बसून रडली. मग उठली आणि पोहतच परत आली, कारण भाकरीचं पीठ मळून ठेवलं होतं.

त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं, "उद्यापासून जयाले नेतो."

रुपराव सीताबर्डीवर एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. बोलणं कमी. पोरगं गेल्यापासून तो तलावाकडे तोंड करून बसतही नव्हता. खाटही त्यानं फिरवून घेतली होती.

"तू शिकली. झालं न," तो म्हणाला. "आता पोट्टीले काहून?"

"मी जन्मभर तिच्यामागं घाटावर उभी राहू का?"

"तिले जाऊच नको देऊ."

"मंग भांडे कोण घासन? तुमी?"

रुपरावनं घास तोंडात घातला.

"भांडे घासाले पाठवतो आपण. कपडे धुवाले पाठवतो. उद्या लग्न करून देऊ, तिथंबी विहीर असन, नदी असन, तिथं तिची सासू पाठवन. अन् पाण्यात पाय सरकला त काय करायचं, ते तेवढं न्हाय सांगायचं. चुलीपाशी बसवतानी विस्तव पोळते हे सांगतो का न्हाय?"

"विस्तव सांगून समजते," कोपऱ्यातून रुखमाबाई म्हणाली. "पाणी वढून नेते. एक गेला का तो दुसऱ्याले बलावते. माह्या नातीले त्या तलावात घातलं न, मनकर्णे, त मी तुह्या हातचं पाणी पिणार न्हाय."

"नका पिऊ. पण पोट्टी शिकन."

दुसऱ्या दिवसापासून रुखमाबाई मीराबाईकडचं पाणी प्यायला लागली, आणि बातमी धोंडबा बुवांपर्यंत पोचली.

धोंडबा बुवा वस्तीतले वडीलधारे. छप्पन साली अख्ख्या वस्तीला पांढरे कपडे नेसवून दीक्षेला घेऊन जाणारे तेच. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे, मनकर्णानंही मोडला नव्हता. रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर विहारापुढच्या अंगणात त्यांनी तिला बोलावलं. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला बसले होते.

"बेटा," बुवा म्हणाले, "लेकरं तलावात जाणार न्हाय, असं ठरलं हाये. ठरलं तेबी तुह्याच सुगतापायी. अन् तूच मोडून राह्यली?"

"बुवा, एक विचारू?"

"विचार."

"आपल्यात कोणालेच पोहता काहून येत न्हाय?"

बुवांनी भुवया वर केल्या.

"मी उमरेडकडची," मनकर्णा म्हणाली. "माहा बाप विणकर. आमच्या गावात विहीर होती. पण आमाले तिच्या कठड्याले हात लावता येत न्हवता. माही माय घागर घेऊन दूर बसे, अन् कोणाले दया आली त तो वरून पाणी वते. घागरीत अर्धं, अंगावर अर्धं. इथं या तलावाचंबी तसंच होतं, तुमीच सांगता न? हा घाट आपल्याले न्हवता."

"न्हवता," बुवा म्हणाले. "त्याच्यापायी मार खाल्ला आमी."

"ज्यायले पाण्याले शिवू न्हाय दिलं, त्यायले पोहता कसं येईन? तुमी मार खाल्ला, घाट भेटला. पण आपण घाटावरच बसून राह्यलो, बुवा. पाणी अजूनबी आपलं न्हाय झालं."

पुरुषांकडून कुणीतरी "हं" म्हणालं. बुवा दाढी खाजवायला लागले. मग म्हणाले, "बोलणं पटते. पण लेकरू लहान हाये. अन् पोरीची जात."

"कोणती जात? जात त आपण सोडली न."

बाया पदराआड हसल्या. बुवांनाही हसू आलं असतं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही.

"तुह्या जिभेले हाड न्हाय, मनकर्णा. मी परवानगी देत न्हाय. पोट्टीले काही झालं त वस्ती जबाबदार न्हाय."

"सुगताच्या वक्ती होती का?" ती म्हणाली, बुवांच्या पाया पडली आणि घरी गेली. सकाळी उजाडताच घागर एका कमरेवर आणि दुसऱ्या हातात जयाचा हात धरून ती तलावावर हजर होती.

जया आईपेक्षा लवकर शिकली. लेकराचं हाडच हलकं. शिवाय तिला शेजारणीची लाज नव्हती. वैशाखात तलाव आटून तिच्या छातीइतका झाला होता, त्यात ती घागर धरून बेडकासारखी पाय मारायची. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायची. निजायला सांगितलं की डोळे मिटून खरंच निजायची.

पण मनकर्णा पोहण्यापेक्षा दुसरंच जास्त घोकून घ्यायची.

"एकटीनं पाण्यात?"

"न्हाय जायचं."

"पाय पुरत न्हाय तिथं?"

"तू न्हाय त न्हाय जायचं."

"थकली त?"

"निजायचं. अन् हाक माराची."

"कोणी बुडत असन त?"

"हात न्हाय द्यायचा. तो आपल्याले धरते, मंग दोघंबी जातात. घागर द्यायची. न्हाय त बांबू द्यायचा. न्हाय त लुगडं फेकायचं."

"बराबर."

जया थोडा वेळ पाणी उडवत राहिली. मग तिनं विचारलं, "सुगत असन तरी?"

मनकर्णानं ओंजळीत पाणी घेतलं, सोडलं. "सुगत असन तरी. घागर द्यायची."

"तू असन तरी?"

"मी असन तरी."

पावसाळा आला, तलाव भरला. रंभाबाईनं नवे वेल लावले, आणि तलावाचा निम्मा भाग पानांनी झाकला. घाटाजवळचं पाणी मात्र तिनं पोरीसाठी मोकळं ठेवलं. जयाला आता घागरीशिवाय पोहता आलं असतं, पण ती घागर सोडायला तयार नव्हती. "उद्या सोडीन," रोज म्हणायची. आणि पायातले वाळे काढायला आजी तयार नव्हती. "तुमाले जे कराचं ते करा," ती म्हणायची, "घुंगरं पायातच राह्यतीन."

पोळ्याच्या दोन दिवस आधीची सकाळ. घाटावर बायांची गर्दी होती. जया घागर घेऊन पाण्यात होती, तिच्या पलीकडे खोल बाजूला मनकर्णा. रंभाबाई दूर वेलांत.

रुखमाबाई काठी टेकत घाटाशी आली. इतके महिने ती आली नव्हती. त्या दिवशी ती पोरीला हाताला धरून घरी न्यायलाच आली होती, सुगताला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिला रात्रभर झोप नव्हती. पहिल्या पायरीवर तिनं कान दिले. बायांचा कलकलाट, कपड्यांचे आवाज, आणि घुंगरं कुठंच नाहीत.

घुंगरं पाण्यात वाजत नाहीत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"जया," तिनं हाक मारली.

जयाचं तोंड पाण्यात होतं. ती बुडबुडे सोडत होती. पाण्यात डोकं घातलं की काहीच ऐकू येत नाही.

"जया वं."

रुखमाबाई काठी टाकून खाली निघाली. मनकर्णानं तिला पाहिलं आणि ओरडली, "आत्याबाई, थांबा, खाली नका येऊ." म्हातारीला त्यातलं काही समजलं नाही. सुनेची किंकाळी तेवढी समजली. गेल्या वर्षी तिनं हीच किंकाळी घरात बसून ऐकली होती. ती दोन पायऱ्या उतरली, आणखी एक, शेवाळावरून पाय गेला आणि शेवटच्या पायरीपलीकडे, नेमकी तिथंच, ती गडप झाली.

घाटावर एकच गलका झाला. पाण्यातून म्हातारीचा एक हात वर आला. जया त्या हातापासून जवळ होती, मनकर्णा लांब. मनकर्णानं हात मारायला सुरुवात केली आणि पाण्यातून तोंड काढून म्हणाली, "हात न्हाय, जया. घागर दे."

जयानं हाताकडे पाहिलं. याच हातानं तिची रोज वेणी व्हायची. तिनं घागर दोन्ही हातांनी सरळ धरली, सरळ ठेवूनच पुढं ढकलली आणि सोडली.

म्हातारीच्या हाताला घागर लागली. तिनं ती ओढली, घागर कलली, गुडगुडली.

"आजी, सरळ धर वं. तिरपी नको करू."

जन्मभर कमरेवर घागरी वाहिलेली बाई होती ती. पालथी असो की सुलटी, घागर कशी धरायची हे तिच्या हातांना विचारावं लागलं नाही. तिनं दोन्ही हातांनी ती पोटाशी कवटाळली आणि तिचं तोंड पाण्यावर आलं. तोवर मनकर्णा पाठीमागून पोचली. समोर न जाता तिनं मागूनच सासूच्या काखांत हात घालून धरलं आणि घाटाकडे ढकलत निघाली. मीराबाई गुडघ्याइतक्या पाण्यात उभी होती, हातात पिळलेलं लुगडं.

"फेका, मीराबाई."

मीराबाईनं फेकलं. या वेळी ते पोचलं. बायांनी ओढून म्हातारीला पायरीवर घेतलं.

मनकर्णा लगेच वळली. "जया?"

मोकळ्या पाण्यात, घागरीशिवाय, जया आभाळाकडे तोंड करून पडली होती.

"माय," ती म्हणाली, "मी निजली हाये."

म्हातारी ओकली, खोकली, आणि श्वास सापडल्याबरोबर पहिलं विचारलं, "पोट्टी कुठी हाये?" जया पायऱ्या चढून आली. घुंगरं वाजली. रुखमाबाईनं तिचं डोकं, गाल, ओले केस चाचपून पाहिले आणि नातीला मांडीत दाबून धरलं.

गलका ऐकून धोंडबा बुवा धावत आले होते. धाप लागली होती बिचाऱ्यांना. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "म्हणूनच म्हणत होतो मी. आज म्हातारी गेली असती. मनकर्णा, हे आजपासून बंद."

मनकर्णानं तोंड उघडलं, पण तिच्याआधी सासूच बोलली.

"काय बंद?"

"हे पोहणं, रुखमाबाई. पोट्टीचं पोहणं."

"पोट्टी त पोहत होती, बुवा. बुडत मी होतो." रुखमाबाईनं तोंडावरचं पाणी पुसलं. "बंद करायचं असन त म्हातारीले बंद करा. पोट्टीले काहून?"

मीराबाईनं पदर तोंडात घातला, तरी हसू फुटलंच, आणि मग भीती उतरलेल्या साऱ्या बाया हसायला लागल्या. "शेवाळ तरी खरडून काढा पायऱ्यांचं," बुवा शेवटी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खराटा घेऊन आले.

रुखमाबाईनं तिथं पायरीवरच नातीच्या पायातले वाळे चाचपडत काढले. "पाण्यात मुके होतात हे. मले काय मालूम. बकरीले बांध."

घरी गेल्यावर ती म्हणाली, "मनकर्णे, तहान लागली."

मनकर्णानं लोटा भरून दिला. म्हातारीनं तो रिकामा केला. संध्याकाळी रुपराव सीताबर्डीहून आला तो खांद्यावर ट्रकची मोठी ट्यूब घेऊन. पंक्चर काढून, हवा भरूनच आणली होती. ती त्यानं बायकोपुढं ठेवली आणि खाट फिरवून तलावाकडे तोंड करून बसला. ट्यूब पुढं रंभाबाईनं नापास केली. "याच्यातून लेकरू खाली घसरते, न्हाय त उलटं होऊन पाय वर होतात. हे काठावर ठेवा, फेकाले बरी." तेव्हापासून ट्यूब काठावर बाभळीला टांगलेली असे. तिच्या खाली दगडांपुढं मधूनमधून हिरव्या बांगड्याही दिसत.

"आत्याबाई, अजूनबी?"

"तू तुह्यावालं कर," रुखमाबाई म्हणायची, "मी माह्यावालं करतो. दोहीकडून बंदोबस्त."

पुढच्या उन्हाळ्यात मीराबाई आपल्या दोन्ही पोरींना घेऊन घाटावर आली. मनकर्णाकडे न पाहता म्हणाली, "कवाच्या मागं लागल्या हायेत. पाहा बाप्पा, मासोळ्या होतात का." त्यानंतर दरवर्षी पोरी वाढतच गेल्या, पोरंही आली. नळ आले, घाटावरची भांडी कमी झाली, तरी उन्हाळ्यात मनकर्णाच्या घागरी निघायच्याच. तिला कुणी बाई म्हणत नसे, मास्तरीण म्हणत नसे. 'जयाची माय पोहायले नेते' एवढंच म्हणत.

आणि पायरीवर रुखमाबाई बसायची. दिसत तर तिला आता काहीच नव्हतं. मांडीवर लांब बांबू आडवा. घुंगरांचं काम तिनं तोंडी करून टाकलं होतं. दर थोड्या वेळानं ती एकेकीचं नाव घ्यायची, आणि जिचं नाव तिनं तोंड पाण्याबाहेर काढून ओ द्यायची. ओ द्यायची म्हणजे श्वास घ्यावाच लागायचा, त्यामुळे श्वास कधी घ्यायचा हे वेगळं शिकवावं लागत नसे. ओ आली नाही तर म्हातारी बांबू पायरीवर आपटायची आणि सगळ्याच जणींना बाहेर यावं लागायचं. कितीही कुरकूर करा, तिथं माफी नव्हती.

सगळ्यात शेवटी ती तलावाच्या मधोमध, खोल पाण्याकडे तोंड करून हाक मारायची.

"मनकर्णे."

"हाव, आत्याबाई," मधून आवाज यायचा. "हाये मी."

"मोठ्यानं बोल. वस्तीले ऐकू गेलं पाह्यजे."